मेंढरं कोणाच्या ताब्यात दिली?

मिशनच्या हॉस्पिटलात नोव्हेंबर संपत आला की एकच विषय चालायचा : 24 डिसेंबरची नाईट कोण करणार? सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या मैत्रिणींना ही अडचण नसे. दिवाळीला त्या उभ्या राहायच्या आणि नाताळला बाकीच्या सिस्टर त्यांची पाळी उचलायच्या. पण जिथं मेट्रनबाई, बहुतेक सिस्टर, वॉर्डातले मामा, मावश्या आणि फाटकावरचा वॉचमनसुद्धा रविवारी एकाच चर्चच्या मंडळीत बसतात, तिथं अशी देवाणघेवाण जमत नाही. कोणाचं मूल लहान, कोणाची सासू गावाहून यायची, कोणाचा नवरा उपासनेत पेटी वाजवणार. मेट्रनबाई सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायच्या, आणि तक्ता लागला की कळायचं, त्यांनी कोणाचंच ऐकलेलं नाही.

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांना हा पांढरा पोशाख नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 मध्ये मुंबईत उतरली, 1831 मध्ये नगरला आली, आणि हळूहळू चर्च, शाळा, दवाखाना हे सगळं उभं राहत गेलं. तिकडे मिरजेला 1894 मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी हॉस्पिटल सुरू केलं. मिशनच्या दवाखान्यांत शिकलेल्या मुली पुढे महाराष्ट्रभर गेल्या. माझी आजी खेड्यापाड्यांतून शुभवर्तमान सांगत पायी फिरायची, आई मिशनच्या शाळेत शिकवायची, मी सिस्टर झाले. कामं तिघींची वेगळी, पण नाताळ तिघींनाही सारखाच दमवायचा.

डिसेंबर लागला की भिंतींना चुना. फराळ दिवाळीचाच : करंज्या, शंकरपाळे, चकल्या, जमलं तर अनारसे. घरात भट्टी नाही, म्हणून केकचं मिश्रण डब्यात ओतून बेकरीत न्यायचं, डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायची, आणि तरीही परत येताना दुसऱ्याच कोणाचा केक घरी यायचा. बांबूच्या कामट्यांची चांदणी करून तिला पतंगाचा कागद लावायचा आणि आत बल्ब सोडायचा. रात्री ढोलकी, खंजिरी घेऊन गाणी म्हणत फिरणारी पोरं दारात आली की त्यांच्यासाठी चहाचं आधण. पंचविसाला उपासना, मग जेवणं, मग शेजारीपाजारी फराळाची ताटं. या सगळ्या धांदलीत एक गोष्ट मात्र सारखी कानावर पडायची : पृथ्वीवर शांती. ती पताकांवर असायची, भेटकार्डांवर असायची, पाळकसाहेबांच्या संदेशात असायची. आमच्या घरात डिसेंबरात जितकी भांडणं होत, तितकी उरलेल्या वर्षात मिळून होत नसत.

आमचे हे गेले त्या वर्षी 24 ची नाईट मी स्वतःहून मागून घेतली. मेट्रनबाईंनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि काही न विचारता नाव लिहिलं. कारण त्यांना माहीत होतं. आमच्या चर्चमध्ये पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला बसतात. पुरुषांच्या बाजूची खिडकीजवळची जागा ह्यांची. गळा बेसूर होता, पण आवाज मोठा, आणि आपण बेसूर आहोत याचा पत्ता नसल्यामुळे ते प्रत्येक गीताच्या शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्यांच्या पुढे असायचे. नाताळच्या रात्री त्या जागेकडे न बघता दोन तास बसणं मला झेपणार नव्हतं.

त्या महिन्यांत प्रार्थना येत नव्हती असं नाही. प्रार्थनेला बसले की भांडण सुरू व्हायचं. भेटायला येणारी माणसं चांगल्या मनानं बायबलमधली वचनं सांगायची. मला ती सगळी पाठ. आपल्याला पाठ असलेलं वचन दुसऱ्यानं सांत्वन म्हणून आपल्यासमोर म्हटलं की अंगावर येतं, हे मी तेव्हा शिकले आणि त्यानंतर कोणाच्याही मरणाला भेटायला गेले की वचन म्हणत नाही. भांडी घासून देते.

इथं आमच्या गाण्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा हात आहे. बाहेरच्या लोकांना वाटतं, नाताळ म्हणजे इंग्रजी चालीची गाणी. ती आमच्याकडेही आहेत, आणि त्यातली बरीचशी मराठी अक्षरं ओढूनताणून परक्या चालीत बसवलेली आहेत. पण आमच्या मंडळीचा खरा गळा उघडतो तो रेव्हरंड टिळकांच्या भजनांना. नारायण वामन टिळक, कोकणातले चित्पावन, 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घरादाराला पारखे झाले. लक्ष्मीबाईंनी ते सगळं सोसलं, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नगरला नवऱ्याजवळ आल्या, आणि स्वतःच्या वाटेनं, स्वतःच्या वेळेनं, 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताजवळ आलो, असं टिळक म्हणत. ते नुसतं म्हणणं नव्हतं. त्यांनी चर्चमध्ये कीर्तन आणलं, अभंग आणला, टाळ आणला. शेवटी 1917 मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथं बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला असा भेद न करता ख्रिस्ताच्या नावानं माणसं एकत्र बसावीत, एवढीच इच्छा. दोन वर्षांत ते गेले. दरबार फार टिकला नाही, पण गाणी टिकली. आमच्या आज्यांना लिहिता येत नव्हतं, तरी टिळकांची भजनं जात्यावर चालायची.

तर ती रात्र. बायकांचा जनरल वॉर्ड. सगळ्या खाटा भरलेल्या. ऊसतोडीच्या टोळीतली एक तापानं फणफणलेली बाई, कोयता उशाशी ठेवू द्या म्हणून हटून बसलेली. दम्याची एक म्हातारी, जी दर अर्ध्या तासाला किती वाजले विचारायची आणि सांगितलं की ‘हो का’ म्हणायची. एका मुलीची सलाईन सारखी निघत होती. मी कामात होते आणि तेच मला हवं होतं.

मिशन हॉस्पिटलांत एक जुनी पद्धत आहे. नाताळच्या पहाटे नर्सिंगच्या विद्यार्थिनी हातात मेणबत्त्या घेऊन वॉर्डावॉर्डांतून गात जातात. दिवे मालवलेले असतात. चारच्या सुमाराला त्या आमच्या वॉर्डात आल्या. दोन गाणी इंग्रजी चालीची झाली, तिसरं टिळकांचं. दम्याच्या म्हातारीनं मान उचलली आणि मला विचारलं, “कोणाची दिंडी हाय गं?”

म्हटलं, “येशूची.”

“बरं बरं,” म्हणत तिनं हात जोडले, पाय आखडून घेतले आणि रांगेतल्या शेवटच्या, पेंगुळलेल्या पोरीला म्हणाली, “टेक की जरा. लांबून आलीस.” ती मुलगी हॉस्टेलमधून, म्हणजे अंगण ओलांडून आली होती. तरी टेकली.

मी चारची इंजेक्शनं भरत होते. एवढंच घडलं. दर्शन नाही, आवाज नाही, डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. ताप उतरतो तो क्षण रोग्याला कधी कळत नाही, घाम पुसताना लक्षात येतं की उतरलाय. तसं पाचव्या की सहाव्या खाटेपाशी माझ्या लक्षात आलं की मघापासून मी देवाशी भांडत नाहीये. कधी थांबले ते ठाऊक नाही. ह्यांची जागा चर्चमध्ये रिकामीच असणार होती, घरी जाऊन एकटीचाच चहा करायचा होता, त्यात काही फरक पडलेला नव्हता. पण आत कोणीतरी येऊन बसलं होतं आणि त्याला माझ्याकडून काही उत्तर नको होतं. माझ्या विश्वासाच्या भाषेत मी त्याला प्रभू म्हणते. कोणाला दुसरं नाव सुचलं तर त्याच्याशी वाद घालायला मी जाणार नाही.

त्यानंतर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय मी वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागले. येशूच्या जन्माचा, लहानपणापासून ऐकलेला अध्याय. गव्हाणी म्हटलं की आपल्याला बैल, गाढव, मेंढरं सगळी दिसतात, पण लूकनं तिथं एकही जनावर ठेवलेलं नाही. बैल आणि गाढव आले यशयाच्या पुस्तकातल्या एका वचनावरून, आणि गव्हाणीचा देखावा मांडायची रीत लोकांत रुजली ती संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावात खरी गव्हाण, खरा बैल आणून उपासना केली तिथून. लूककडे आहेत ते रानात रात्री कळप राखणारे मेंढपाळ. म्हणजे रात्रपाळीची माणसं.

नगर जिल्ह्यात राहणाऱ्याला ही माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. शेतीची वीज रात्रीची आली की डिसेंबरच्या थंडीत कांद्याला, गव्हाला पाणी द्यायला निघालेला, डोक्याला मफलर गुंडाळून दारं धरणारा शेतकरी. पहाटे तीनला कोप्यांमधून उठून बैलगाड्या जुंपणारी ऊसतोडीची जोडपी. कारखान्याच्या गाळपाची रात्रपाळी. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे निघालेले धनगरांचे वाडे, वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून आत मेंढरं कोंडलेली आणि कुत्र्याच्या भरवशावर एक डोळा उघडा ठेवून झोपलेला म्हातारा. देवदूताला बातमी सांगायला हेच लोक सापडले, कारण त्या वेळी जागे तेच होते. मंदिरातले शास्त्री झोपले असणार.

मी मात्र सिस्टर असल्यामुळे एका ठिकाणी अडते. मेंढपाळ ‘घाईघाईने’ बेथलेहेमला गेले असं लूक लिहितो. मग मेंढरं कोणाच्या ताब्यात दिली? वॉर्ड सोडून जायचं तर हँडओव्हर लागतो. कोणीतरी मागं राहिलं असणार. त्यानं देवदूत पाहिले, गाणं ऐकलं, आणि बाळ मात्र पाहिलं नाही, कारण कळपापाशी कोणीतरी हवंच होतं. एकदा मी हे पाळकसाहेबांना बोलून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, “बाई, तुमचं डोकं वॉर्डातच राहतं.” पण मला तो मागं राहिलेला माणूस फार जवळचा वाटतो. दरवर्षी 24 च्या रात्री जगभर अशी कितीतरी माणसं असतात.

आणि दुसरी गोष्ट, जिच्यावर संदेश देणारे फारसे थांबत नाहीत : मेंढपाळ परत गेले. बाळ पाहिलं, सगळ्यांना सांगितलं, आणि देवाची स्तुती करत परत गेले, त्याच कुरणात. त्यांची मजुरी वाढली नाही. रोमचा बादशहा कैसर औगुस्ता याची नावनिशी, म्हणजे शिरगणती, चालूच होती, नावनिशीमागून कर येणारच होता. त्याच औगुस्ताच्या सन्मानार्थ रोमच्या सिनेटनं शांतीची वेदी बांधली होती, इसवी सनापूर्वी 9 मध्ये तिचं अर्पण झालं. संगमरवरी, कोरीव, पानाफुलांच्या वेली काढलेली. आजही रोममध्ये ती बघता येते. त्या शांतीमागं सैन्य होतं, रस्ते होते, आणि कोणी मान वर केली तर क्रूसखांब होते. पुढे तीसेक वर्षांनी मरणाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांना म्हणतो की मी माझी शांती तुम्हांला देतो, पण जग देतं तशी देत नाही. तेव्हा त्याच्या मनात ही रोमची शांती असणार असं मला वाटतं.

दुसरं शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयानं तर पुढची गोष्ट आणखी उघडी सांगितली आहे. हेरोद राजा घाबरतो, बेथलेहेममधले दोन वर्षांच्या आतले मुलगे मारायला लावतो, आणि योसेफ बायको-पोराला घेऊन रातोरात मिसरला, म्हणजे इजिप्तला, पळतो. नाताळच्या नाटिकेत हा भाग कोणी घेत नाही. मुलांना घाबरवायचं कशाला, हे मलाही पटतं. पण ज्याच्या घरात त्या वर्षी मरण झालंय त्याला हा भाग माहीत असावा. 2023 च्या डिसेंबरात गाझाचं युद्ध चालू असताना बेथलेहेममध्ये नाताळची रोषणाई आणि जल्लोष बंद ठेवला. तिथल्या लूथरन चर्चमध्ये त्या वर्षी नेहमीची गव्हाण मांडलीच नाही. फुटलेल्या सिमेंटच्या ढिगाऱ्यात बाळ येशूची मूर्ती ठेवली होती. तो फोटो मी मोबाईलवर पाहिला आणि बराच वेळ पुढे सरकवला नाही. ती मांडणी मला मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायासारखी वाटली.

शांती मिळाली म्हणजे माणूस कोपऱ्यात डोळे मिटून बसणार, अशी एक कल्पना असते. आमच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचं उदाहरण आहे, ते अगदी उलट सांगतं. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात, वाँटेजला झाला. पण आपल्या साक्षीत त्या लिहितात की पुढची जवळपास आठ वर्षं त्यांच्या हाती ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. केवढी मोठी विदुषी, सगळे ग्रंथ पालथे घातलेली, आणि एवढं सरळ लिहून ठेवते. आम्ही तर जन्मापासून चर्चच्या बाकांवर वाढलेले. आमच्या हाती धर्म, फराळ, चांदणी, सगळं आयतं येतं. ते दुसरं कधी येईल, येईल की नाही, हे ज्याचं त्याला. रमाबाईंना ते मिळालं, आणि त्यांनी काय केलं? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मरणाऱ्या बायका-मुलींना गाडीत घालून आणलं, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला मुक्तीची वसाहत उभी केली. तिथं विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्या करत राहिल्या, 1922 मध्ये स्वतः जाईपर्यंत. केडगावचा तो परिसर मी पाहिला आहे. तिथं गेल्यावर शांत वाटतं असं लोक म्हणतात. मला तिथं हात रिकामे असल्याची लाज वाटली, आणि तेही एक प्रकारचं समाधानच होतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर ती पहाट पुन्हा तशी आली नाही. नंतरचे कितीतरी नाताळ कोरडे गेले. केक बिघडला, पोरांशी वाद झाले, उपासनेत डुलकी लागली. पण आता शांती वाटत नसली तरी मी घाबरत नाही. ह्यांच्या जागेवर सध्या एक कॉलेजातला मुलगा बसतो. तोही बेसूर आहे, आणि बायकांच्या बाजूनं त्याच्याकडे वळून बघणाऱ्या सगळ्यांना मी डोळ्यांनीच दटावते.

निवृत्त झाल्यापासून संडे स्कूलची नाताळची नाटिका माझ्या गळ्यात पडली आहे. देवदूत व्हायला मुलींची रांग लागते, पंखांसाठी. मेंढपाळांना मी खऱ्या घोंगड्या देते. त्यांचा वास सुटला की देवदूत नाक धरतात. आणि एक मेंढपाळ मी मागं ठेवते. पाळकसाहेबांनी पहिल्याच तालमीत अडवलं, “बाई, हे शास्त्रात कुठं आहे?” म्हटलं, “नाही. पण मेंढरं सोडून सगळे गेले असंही कुठं लिहिलेलं नाही.”

खरी अडचण पोरांची होती. मागं राहायला कोणी तयार होईना. शेवटी एक बारका पुढं आला. त्याच्या दोन अटी होत्या : मेंढरू खरं हवं, आणि बाकीच्यांनी परत आल्यावर त्याला सगळं सांगायचं. मेंढरू मिळालं नाही, करडावर तडजोड झाली. दुसऱ्या अटीमुळे नाटिकेत एक नवा प्रसंग शिरला, जो कोणी लिहिलेला नाही आणि दरवर्षी लांबत चालला आहे. मेंढपाळ धावत येतात आणि त्याच्याभोवती बसून एकदम बोलायला लागतात. बाळ रडत होतं. नाही, झोपलं होतं. योसेफाला दाढी होती. गवत टोचत होतं म्हणून मी माझी घोंगडी दिली. पाळकसाहेब पहिल्या रांगेतून मला घड्याळ दाखवतात. मागे फराळाची ताटं तयार असतात, करडू घोंगडीचं टोक चघळत असतं, आणि तो बारका सगळ्यांवर ओरडतो, “थांबा ना! मरीया काय म्हणाली ते कोणी सांगितलंच नाही अजून.”